दादाच्या खेळातलं बंद करायचं बटण

ॲनिमेशनच्या क्लासातले किस्से पूर्वी दादा घरी आणायचा आणि मी हसायचो. होळीच्या आधी दादा तापानं गेला. आता क्लासला मी जातो. किस्से साचतात, ऐकवायचे मात्र त्यालाच होते.

त्यानं बनवायला घेतलेला कॉम्प्युटरवरचा एक खेळ अर्धा राहिलाय. बाण दाबला की स्कूटरवरचा मुलगा आमच्या गावातल्या दतिया गेटहून निघतो, पण मानिक चौकातच अडकतो. त्याला लक्ष्मी तालापर्यंत, तळ्याच्या काठी, मीच नेणार. आठवी नापास असलो तरी!

*

पहिल्या दिवशी चेंडू उडवायचा होता. माझा जमिनीतून खाली गेला. सर म्हणाले, "भैया, गेंद पाताल गई." मी चिडून प्लग उपटला. अख्ख्या रांगेचे कॉम्प्युटर बंद! तेव्हापासून मला प्लगपासून लांब बसवतात.

*

शेजारी रजनी बसते. मी दादाची मूळ फाइलच उघडून रंग बदलायला लागलो, तर तिनं माउस काढून घेतला. "पहले कॉपी बनाओ, फिर हीरोगिरी." कॉपी होईपर्यंत माउस दिला नाही.

*

स्कूटर चौकातून सुटली खरी, पण चाकं उलटी फिरत होती. रजनी बोलून गेली, "तुम्हारे भैया रिवर्स में ताल जाते थे क्या?"

सगळे माझ्याकडे वळले. तिचा चेहरा उतरला. मलाच हसू फुटलं, होळीनंतर पहिल्यांदा. मग चाकं सरळ फिरेपर्यंत जागचा उठलो नाही.

*

सर म्हणाले, खेळ बंद करायला बटण हवं. सगळ्यांनी 'एग्झिट' लिहिलं. मी लिहिलं, 'येतो'.

सरांनी अर्थ विचारला. सांगितला.

"जाने के बटन पर 'आता हूँ'?"

मी म्हटलं, आमच्या मराठी घरात निघताना 'जातो' कुणी म्हणत नाही. दादाही कधी म्हणाला नाही.

सरांनी बटण एकदा दाबून पाहिलं. "तो रहने दो."

*

रविवारी खेळ पुरा झाला. घरी दादाच्या कॉम्प्युटरवर आईला बसवलं. तिनं आयुष्यात माउस धरला नव्हता. मी बाण दाबला. स्कूटर दतिया गेटहून निघाली, मानिक चौक पार केला, तालाच्या काठी थांबली. मुलानं वळून हात हलवला.

"आता हे बटण दाब, म्हणजे बंद होईल," मी म्हणालो.

आईनं माउस तिथवर नेला. बटणावरचं वाचलं. हात काढून घेतला आणि उठून स्वयंपाकघरात गेली. मी बटण दाबायला पुढे झालो, तेवढ्यात आतून आवाज आला.

"थांबव त्याला जरा. चहा होतोय."