कालथ्याचा आवाज

बदामवाल्या बाईंचे बदाम सगळ्या गल्लीला ठाऊक होते. वर साखरेचं कडक कवच, त्यात दालचिनी आणि तिखट; एक खाल्ला की हात आपोआप डब्याकडे वळायचा. बाई स्वतः मात्र एकही खात नसत. दात दुखतात, म्हणायच्या. दात कसले दुखतात, चांगले ठणठणीत होते.

हे काम मुळात त्यांच्या थोरल्या बहिणीचं. नियमही ताईचाच: कढई तापली की तोंडाला कुलूप. पाक आटला की बदाम आधी वाळूत लोळल्यासारखे पांढरे होतात. नवखा माणूस तिथेच कपाळाला हात लावतो. पण ढवळत राहिलं तर तीच साखर पुन्हा वितळते आणि बदामांवर चढते. तेवढ्यात कालथा थांबला की सगळं मुसळ केरात. "घराला आग लागली तरी आधी कढई उतरव, मग ओरड," असं ताई म्हणायची आणि दोघी हसायच्या.

मागच्या हिवाळ्यात ताई तापाने आतल्या खोलीत पडून होती. दुपारी साखर वितळू लागली आणि तिने हाक मारली, "छोटे." एकदाच. पाणी हवं असेल, बाईंना वाटलं. शिवाय नियम तिचाच. बदाम ताटात पसरून, काट्याने सुटे करून त्या आत गेल्या, तोवर ताई गेली होती.

आधी आला असतात तरी उपयोग नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. पण तेव्हापासून साखर वितळू लागली की बाईंना ती हाक ऐकू येई. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, ताईच्या मुलीला तर नाहीच. आपली हाक छोटीला ऐकूच गेली नाही, असं समजून ताई गेली असेल, एवढ्याच आशेवर त्या दिवस ढकलत होत्या.

आज ती भाची बदाम शिकायला आली. आईचा नियम तिलाही पाठ होता. ऐन वेळी ती हाक नको, म्हणून बाईंनी कालथा तिच्या हाती दिला आणि त्या आत ताईच्या खाटेवर जाऊन पडल्या.

हाक आली नाही. कालथा मात्र ऐकू येत होता. खर्र, खर्र, अगदी उशाशी असल्यासारखा. म्हणजे त्या दिवशी ताईलाही ऐकू येत असणार. तिने हाक मारली आणि तो थांबला नाही, तेही तिने ऐकलं असणार; इतक्या जवळून हाक छोटीला ऐकू गेलीच, हे तिला कळलं असणार.

"बाळा," त्यांच्या तोंडून कसंबसं निघालं.

कालथा थांबला. भाची दारात उभी होती.

"काय झालं, मावशी?"

"अगं, साखर करपेल."

"करपू दे. तू हाक मारलीस ना?"

बाईंनी तिचा चिकट हात घट्ट धरला.

"तुझ्या आईनेही मारली होती," त्या म्हणाल्या.