नारिंगी झाकणाचे डबे

मी झाकण उघडलं नाही. कबुली द्यायचीच तर सरळ देते. लोकांच्या स्वयंपाकघरात डोकवायचा पगार मिळायचा मला, आणि मी फळीवरचे डबे बाहेरूनच पाहून परत आले.

मी पुण्यात एका जाहिरात कंपनीत प्लॅनर होते. जाहिरात लिहिणारे वेगळे, चित्रं काढणारे वेगळे. ती कुणाला दाखवायची आणि त्या माणसाला खरं काय हवंय, हे सांगायचं काम माझं. आता नातवंडांना हे सांगितलं की ती हसतात. तेव्हा कुणी हसत नसे, मी तर मुळीच नाही. हातमागाचा कुर्ता, गळ्यात चष्म्याची दोरी आणि तोंडात सदा 'ग्राहकाची नस'. जशी काही डॉक्टरीणच!

दुधात घालायच्या पावडरीची एक कंपनी आमच्याकडे आली. गावाकडे हे पितात का, एवढाच त्यांचा प्रश्न. मी म्हटलं, गाव मला विचारा, माझं माहेर टेंभुर्णीचं. दोन दिवस आमच्याच गल्लीतून फिरले, घरोघर चहा प्याले. जिथे जावं तिथे फळीवर त्याच पावडरीचे डबे, नारिंगी झाकणाचे, ओळीनं उभे. कुठे चार, कुठे सहा. दुसऱ्याच्या घरचा डबा उघडू नये हे आईनं शिकवलं होतं. तिचं इतर काही मी कधी ऐकलं नाही, नेमकं तेवढंच त्या दिवशी पाळलं. पुण्यात येऊन मोठ्या पडद्यावर त्या फळ्यांचे फोटो दाखवले आणि खाली लिहिलं, 'टेंभुर्णी आधीच आपली आहे.' टाळ्या पडल्या.

तिथंच थांबले असते तर बरं होतं. पण मला माहेरचं भलं करायची हौस आली.

माझी धाकटी भावजय. धाकटा भाऊ वारल्यावर तिनं स्टँडजवळच्या आमच्या गाळ्यात शिलाई मशीन टाकली होती. ब्लाऊज, फॉल-पिको. गाळा दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या नावावर, आणि त्याला तो मोबाईल दुरुस्तीवाल्याला द्यायचा होता. त्यानं तिला बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत चालवून दाखव. न्हाई तं गाळा खाली कर, मंग घरी बसून काय शिवायचं ते शिव." घरी बसून म्हणजे जन्मभर दादाच्या हाताखाली. ते तिलाही कळत होतं आणि मलाही.

मी तिला म्हटलं, "ब्लाऊज किती दिवस शिवत बसणार? या डब्यांची एजन्सी घे. आख्खा तालुका पितोय."

"पण आक्का, हेच तर दिवस हायेत ब्लाऊजचे. दसरा हाय, दिवाळी हाय."

"सोड गं. बिलकुल काळजी करू नको, हे माझं कामच आहे."

तिनं मशीन मागच्या भिंतीला लावली, शिवायला आलेली कापडं परत केली आणि पुढे डबे मांडले.

दसऱ्याला मी गेले तेव्हा ते तसेच मांडलेले होते. ती रोज पुसत होती म्हणून चकाकत होते, एवढंच. ब्लाऊजवाल्या बायका पलीकडच्या शिंप्याकडे वळल्या होत्या. घरी आल्यावर मी वरण फोडणीला टाकलं आणि हळद मागितली. "त्या नारिंगी झाकणाच्या डब्यात हाय," भावजय कणीक मळता मळता म्हणाली. मी डबा काढला आणि हातात फिरवला. मागच्या बाजूला स्केचपेननं काढलेलं मांजर होतं, एक मिशी लांब, एक आखूड. माझ्या लेकीनं शाळेत असताना काढलेलं.

दर दिवाळीला मीच तर पिशवी भरून रिकामे डबे एसटीतून आणायची! झाकण गच्च बसतं, मुंग्या शिरत नाहीत, म्हणून आई खूश. आणि गल्लीत प्रत्येकीची लेक नाहीतर बहीण पुण्याला, संभाजीनगरला. त्या सगळ्या फळ्यांवर हळद होती, धने होते, मुगाची डाळ होती. पावडर शहरातच पिऊन झालेली.

दिवाळीला अजून वीसेक दिवस होते. मशीन पुढे ओढायला तेवढे पुरले असते. पण तिला सांगायचं म्हणजे दादाला कळणार, पुण्याला कळणार, माझी 'नस' चुकली म्हणून. फोडणी जळत होती, आणि मी डबा जागेवर ठेवून म्हणाले, "लोकांना सवय लागायला वेळ लागतो गं. लागेल."

मग माझी धावपळ सुरू झाली. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गर्दी असते, म्हणून दोघी खोकी घेऊन जीपमध्ये बसलो. देवळाबाहेर टेबल मांडलं, दूध गरम केलं, फुकट पेले भरले. एक बाई पेला नाकाशी नेऊन म्हणाली, "यात गहू हाय का?"

"आहे ना! ताकद येते."

"आज उपास हाय, बाई."

चतुर्थीला उपास असतो हे मी, ग्राहकाची नस ओळखणारी, विसरले होते. सकाळपासून दुपारपर्यंत पेल्यांवर साय धरली. शेवटी एक म्हातारी थांबली, डबा उचलून खालून-वरून पाहिला, झाकण दाबून पाहिलं. मी जिवाचा कान केला.

"कितीला देता?"

मी सांगितलं.

"पावडर राहू द्या तुमाला. नुसत्या डब्याचं बोला."

भावजय खो खो हसली. मला हसू येईना. परतीच्या जीपमध्ये खोकी मांडीवर घेऊन मी नवस बोलत होते, दहा डबे खपू दे, पाच खपू दे.

एकही खपला नाही. दिवाळीच्या आदल्या दिवशी हातगाड्यावर मशीन घातली आणि गाळा खाली केला. पावडर म्हशींच्या आंबोणात गेली, डबे तिनं गल्लीत वाटून टाकले. त्यानंतर कुणी प्लॅनरबाई आली असती, तर तिला फळ्यांवर दुप्पट दिसले असते.

भाऊबीजेला दादाला ओवाळलं. टिळा कपाळाऐवजी भुवईवर लागला, तो म्हणाला, "वय झालं तुझं." तबक ठेवून मी मागच्या खोलीत गेले. धान्याच्या पोत्यांच्या मधे मशीन कशीबशी बसवली होती, आणि भावजय दादाच्या उशांचे अभ्रे शिवत होती. मी पोत्यावर बसले आणि सगळं सांगितलं, मांजरासकट. तिनं दातानं दोरा तोडला, अभ्रा झटकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"आक्का, डबा फिरवून तुम्ही मांजर पाह्यलं ना, तवाच तुमचं तोंड उतरल्तं. मला बराबर समजलं. मी मशीन पुढं ओढायला निघाले बी होते, पण तुम्ही म्हणल्या सवय लागंल, मंग म्हणलं आक्का शिकलेल्या हायेत, आन् बसले वाट पाहत."