गार पायांची तपासणी

प्रौढांच्या साक्षरता वर्गात माझ्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या बाईंशी माझी ओळख एका चपलेमुळे झाली. वर्ग सुटल्यावर त्या चालू लागल्या आणि एका पायातली चप्पल बाकाखालीच राहिली. मी हाक मारली, तेव्हा त्यांनी खाली पाहिले. आपला पाय अनवाणी आहे, हे त्यांना पाहूनच कळले.

बुटांच्या कारखान्यात त्या एकवीस वर्षे तळ चिकटवायचे सोल्युशन लावीत असत. त्यांचा हात इतका भरभर चाले की सगळ्या त्यांना झटपटबाई म्हणत. खोलीला एकच खिडकी होती आणि धूळ चिकटते म्हणून तीही बंद. नसा बधिर करणारा सोल्युशनचा वास आतच कोंडून राही. आधी पोटऱ्यांना मुंग्या येऊ लागल्या, मग तळपाय बधिर होऊ लागले. तेव्हा त्यांनी मुकादमाकडे शिवणखात्यात बदली मागितली.

"तिकडे पंखा आहे ना, म्हणून सगळ्यांचेच पाय दुखतात," मुकादम म्हणाला.

"पंखा तुमच्या घरी न्या. मला पाय हवेत."

"तपासणीचा कागद आणा, मग बघू."

इस्पितळाच्या चिठ्ठीवर सूचना छापलेल्या होत्या. झटपटबाईंना त्या काळी अक्षरओळख नव्हती. सोल्युशनने डागाळलेला पाय परक्याच्या हाती कसा द्यावा, ह्या संकोचाने त्यांनी ऐन थंडीत इस्पितळाच्या आवारातल्या नळाखाली दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत घासून धुतले.

यंत्रावरच्या मुलीने घोट्यामागे तारा चिकटवल्या. पोटरीवर दिलेला विजेचा झटका तिथवर किती वेळात पोहोचतो, हे ते यंत्र मोजते.

"मावशी, जरा चिमटा बसेल हं."

"बसू दे गं. तेवढ्यासाठीच आलेय."

पडद्यावर लाट उठली, पण उशिरा. "तुमची नस फार हळू चालतेय," मुलगी म्हणाली. आपल्याला कोणी हळू म्हटल्याचा झटपटबाईंना जन्मात प्रथमच आनंद झाला.

कारखान्याच्या डॉक्टरांनी तो कागद बाजूला सारला. "पाय गार असला की धडधाकट माणसाचीही नस मंदावते. पाय उबदार ठेवून या, असं चिठ्ठीत स्पष्ट लिहिलंय. वाचलं नाहीत?"

झटपटबाईंनी तो कागद उचलून घेतला. पुढची तारीख पाच महिन्यांनंतरची मिळाली. ते पाच महिने त्यांनी त्याच खोलीत, त्याच वासात काढले.

दुसऱ्या खेपेस त्या दोन-दोन मोजे घालून गेल्या. मुलीने वरून पायांवर घोंगडीही टाकली. पडद्यावरची रेघ सपाट राहिली. मुलीने झटका वाढवला, पुन्हा वाढवला.

"मावशी, लागतंय का?"

"तू आधी सुरू तर कर, बाळ."

"ह्या वेळी कागद चोख आहे हो," मुकादम म्हणाला आणि त्याने बदली दिली. शिवणयंत्र पायाने दाबून चालवायचे असते. पाय उचलला आहे की दाबलेलाच आहे, हे झटपटबाईंना समजेना. चौथ्या दिवशी सुई बोटातून आरपार गेली आणि पाचव्या दिवशी त्यांना घरी पाठवण्यात आले. त्यानंतर त्या वर्गात येऊ लागल्या.

एकदा त्यांनी पिशवीतून बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला.

"तुमचं अक्षर ठसठशीत येतं. ह्यावर लिहून द्या, तपासणीला जाताना पाय गार पाण्यानं धुऊ नका, गरम ठेवा. सोल्युशनच्या खोलीच्या दाराला लावायचंय. आणि खाली मोजा घातलेल्या पायाचं चित्र काढा. आत बऱ्याच जणींना वाचता येत नाही."