पायरीवरून दिसणारं आभाळ

मी शिकवत असे त्या जळगावच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये चपला बाहेर काढून यावं लागे. धुळीनं मशीन बिघडतं, अशी नव्वदीच्या दशकात सगळ्यांचीच श्रद्धा होती. पोरं कुरकुरत चपला भिरकावत. नाना मात्र उंबऱ्याशी थांबत, वहाणा जोडीनं भिंतीला लावून ठेवत आणि नमस्कार तेवढा बाकी ठेवून आत येत. मी एकदा चिडवलं, "नाना, देऊळ नाही हे."

"बाई, जिथं जपून ठेवायचं काम चालतं, तिथं पायातलं काढलेलं बरं."

नाना म्हणजे हायस्कूलमधून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. राहायला मेहरूणला. माझ्या वडिलांपेक्षा मोठे, तरी मला न चुकता 'बाई' म्हणत. माउस ब्रशासारखा चिमटीत धरत आणि तो ऐकत नाही म्हणून त्याच्यावरच रागवत. टायपिंगला त्यांनी पहिल्याच दिवशी रामराम ठोकला. त्यांना एकच गोष्ट शिकायची होती. फोटो कॉम्प्युटरमध्ये घालायचा कसा, आणि तो तिथं टिकवायचा कसा.

कारण हळूहळू कळलं. नानांच्या बायकोचं माहेर साक्रीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. काकू वारल्या होत्या आणि आता ते गावही धरणाखाली जाणार होतं. माणसांना नवी वसाहत मिळाली, पण गावाबाहेरची जुनी दगडी बारव कोण उचलून नेणार? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, निंबाच्या झाडांना झोके लागत, गावच्या लेकी माहेरी येत आणि दुपारी त्या बारवेच्या पायऱ्यांवर गप्पांना बसत. काकूंनी एकही आखाजी चुकवली नव्हती. "तिथून आली की पुढं बरेच दिवस ती माझ्यावर रागवायची नाही," नाना सांगत. "अशी जागा नुसती बुडू द्यायची?"

त्यांनी बारवेचे फोटो काढले, ते चित्रकलेच्या मास्तरांना शोभतील असेच. वरून, समोरून, चारी बाजूंनी, कोरीव दगडाशेजारी फूटपट्टी ठेवून. आमचा स्कॅनर एक फोटो घेईपर्यंत माझा चहा पिऊन होई. नाना तेवढा वेळ त्याच्याकडे टक लावून बसत.

एका लग्नासाठी सखूअक्का जळगावला आल्या. या नानांच्या थोरल्या मेव्हण्याची बायको, जन्म त्याच गावात गेलेला. नाना त्यांना मोठ्या हौसेनं क्लासमध्ये घेऊन आले. पडदाभर बारव उभी राहिली. अक्कांनी पाहिलं, मान तिरकी करून पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, "नाना, हाई आमनी बारव नही शे."

नानांचा चेहरा पडला. "अक्का, नीट देखा. तीच शे."

"वरथून कोन देखे तिले? खाले पायरीवर बसनूत का वर आभायना चौकोन दिखे, निंबनी फांदी दिखे. ते कोठे शे यामा?"

मला वाटलं, आता वाद पेटणार. आपल्या कामावर कोणी बोट ठेवलेलं नानांना मुळीच खपत नसे. पण त्यांनी एकेक फोटो मला पुन्हा उघडायला लावला. मग म्हणाले, "चुकलंच. मी दगड काढले, बाई. जागा काढलीच नाही."

पावसाळ्यात पाणी अडवायचं ठरलं होतं. म्हणजे येणारी आखाजी त्या गावातली शेवटची. माझं माहेर असोद्याचं. आखाजीला घरी जायचं सोडून मी या म्हाताऱ्यामागं साक्रीच्या एसटीत बसले, म्हणून आई कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

बारवेच्या तळाशी सातीआसरांचं, पाण्यातल्या देवींचं, ठाणं होतं, त्यामुळं चपला पहिल्या पायरीवर काढूनच सगळ्या खाली उतरत. आम्ही पोचण्याआधीच गावच्या लेकी जमल्या होत्या. नानांनी गळ्यातला कॅमेरा काढला आणि त्यांच्या हाती दिला. मला त्यांनी तो कधी पुसूही दिला नव्हता!

"तू जठे बसे तठे बस," ते म्हणाले, "अन तुले जे दिखस ते धर."

आधी सगळ्या लाजल्या, मग कॅमेऱ्यासाठी भांडू लागल्या. सुरतला दिलेली एक तर आभाळाचा चौकोन पुरा यावा म्हणून लुगड्यासकट पायरीवर आडवी झाली. नाना वर तापल्या दगडावर अनवाणी उभे होते, चटक्यांनी पाय बदलत आणि पोट धरून हसत.

फोटो आले ते सगळे तिरके. एकात पदराचा काठ, एकात अर्ध्या चित्रावर कुणाचा तरी अंगठा. मी तो कापायला घेतला तर नानांनी माझा हात धरला. "राहू द्या, बाई. ती तिथं होती ना?"

नाना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. असा लाडका विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही. ते फोटो मी प्रत्येक नव्या मशीनवर उतरवत आले आहे, अंगठ्यासकट. त्यांची आठवण आली की मला बारव बुडाल्यानंतरची पहिली आखाजी दिसते.

वसाहतीत पत्र्याची घरं आणि गुडघ्याएवढी निंबाची रोपं होती. झोका बांधायला फांदी नव्हती. माहेरी आलेल्या लेकी दारादारांत गप्प बसून होत्या. नानांनी जीपमधून कॉम्प्युटर आणला, शाळेच्या खोलीत मांडला आणि सगळ्यांना बोलावलं. त्या वेळी फोटो पडद्यावर वरून खाली सावकाश उमटत यायचा. आधी आभाळाचा तुकडा आला. मग निंबाची फांदी. मग एकेक पायरी उलगडत गेली.

मी मागं वळून पाहिलं, तर दाराबाहेर चपलांचा ढीग होता. काढा असं कोणीच सांगितलं नव्हतं. अक्कांची नात पडद्याजवळ जायला निघाली, तशी अक्कांनी पटकन तिचं कोपर धरलं.

"जपीसन व माय, तठे शेवाय शे, पाय घसरी."

नाना माझ्या कानाशी वाकले. त्यांचे डोळे भरले होते आणि आवाजात हसू मावत नव्हतं.

"बाई, उतरल्या बरं का सगळ्या."