भाषण झाल्याशिवाय जाळ नाही

"धूर कुठनं जातो?"

कुठल्याही घरात पाऊल टाकलं की काका आधी हे विचारत. नमस्कार, मास्क, सॅनिटायझर सगळं नंतर. उत्तर मिळेपर्यंत छताकडे बघत उंबऱ्यातच उभे. इथे ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीत बहुतेकांकडे विजेचे हीटर. यजमान चक्रावून जात.

माझी मैत्रीण इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. तिचे हे वडील कोल्हापूरकडून थोड्या दिवसांसाठी आले आणि करोनात विमानंच बंद झाली. आपल्यामुळे त्यांना लागण होईल या भीतीने तिने त्यांना आमच्या घरी आणून सोडलं. रोज संध्याकाळी ती कुंपणाबाहेरून विचारायची, "बाबा, जेवलात?" ते ओरडून सांगायचे, "धूर सगळा आत येतोय इथं!"

खोटं नव्हतं. आमचं घर जुनं, खाणकामगारांच्या काळातलं. त्यातलं फायरप्लेस लाकडं खायचं, धूर आम्हाला द्यायचं आणि ऊब आकाशाला. ते बदलणं माझ्या यादीत होतंच. शेजारच्या निवृत्त गवंड्याने उपाय सांगितला: फायरप्लेसच्याच कोनाड्यात विटांची जाडजूड भट्टी बांधायची आणि आत धुराला वळणावळणाची वाट द्यायची. धूर बाहेर पडेपर्यंत विटा तापतात; संध्याकाळी एकदा जाळ केला की सकाळपर्यंत खोली उबदार. मी परवानगी काढली, विटा मागवल्या, कामं वाटून दिली. काकांना काहीच दिलं नव्हतं. त्यांनी खुर्ची टाकली आणि मुकादमी घेतली.

"ताई, साखर कारखान्यात जन्म गेला माझा. बॉयलरचं मला विचारा."

गवंड्याने इंग्रजीत, इथल्या दोस्तीच्या सुरात विचारलं, "मेट, चिमणीची वाट केवढी ठेवू?"

"व्हेरी गुड," काका गंभीरपणे म्हणाले.

पुढच्या प्रश्नालाही "व्हेरी गुड" आलं, तेव्हा मला राहवेना. "काका, बॉयलरवर तुम्ही नेमकं काय करत होता?"

"बॉयलरवर? छे! मी टाइम ऑफिसात, हजेरीपटावर. पण अग्निप्रदीपनाच्या खुर्च्या मीच मांडायचो की!"

साखर कारखान्याच्या गावचे असाल, तर तुम्हाला हा सोहळा ठाऊक असेल. गळीत हंगामाआधी बॉयलर पेटवायचा, तर पूजा, नारळ, सत्कार आणि अध्यक्षांचं भाषण. ते संपल्याशिवाय काडी ओढायची नाही. काकांनी अशी सगळी भाषणं मंडपाच्या टोकाला, माइकची वायर सांभाळत उभ्याने ऐकलेली. "एकदा आपणबी बोलावं म्हंतो," ते म्हणाले आणि आमच्या भट्टीच्या अग्निप्रदीपनाचे अध्यक्ष झाले.

तालीम परसात, वाळत घातलेल्या कपड्यांसमोर चाले. "व्यासपीठावरील मान्यवर" म्हणताना ते माझ्या नवऱ्याच्या पायजम्याकडे आदराने हात करत.

भट्टी उभी राहिली. पण बांधकाम ओलं. काही आठवडे रोज फक्त मूठभर काटक्या जाळायच्या. एकदम मोठा जाळ केला तर तडे जातील, असं गवंडी बजावून गेला. काका पहाऱ्याला बसले. नवऱ्याने एक ओंडका टाकायचा प्रयत्न केला, तर काकांनी तो हातातून काढून घेतला. "बॉयलर आणि जावई, दम धरून तापवावा!"

आणि भारतात जाणाऱ्या विमानात त्यांना जागा मिळाली. लगेच पर्थ गाठायचं होतं.

मी व्यवहारी बाई. म्हटलं, "काका, भाषण आज उरकून घ्या. जाळ आम्ही नंतर करू."

"जाळाशिवाय भाषण? नवरी नसताना मंगलाष्टकं म्हणता का?"

"मग आजच पेटवू. गेले तडे तर गेले."

काकांनी खिशातली काड्यापेटी बाहेर काढली, पुन्हा आत ठेवली.

"नको. भाषण करून मी जाईन तिकडं उन्हात. कुडकुडणार तुम्ही."

लेकीने त्यांना गाडीच्या सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून पर्थला नेलं.

भट्टी वाळली तोवर आमच्याकडचं भय ओसरलं होतं, लेक घरात येऊ शकत होती. आम्ही खुर्च्या मांडल्या. अध्यक्षांच्या खुर्चीत व्हिडिओ कॉल लावून फोन उभा केला, त्याला शाल पांघरली. गवंड्याला फेटा बांधला. तिकडे काका कोट घालून तयार. भाषण सुरू झालं. ऊस आला, सहकार आला, गवंड्याचे आभार आले. "आणि माझी लेक," काका म्हणाले, हात वर गेला, आणि चित्र थांबलं. तोंड उघडं, बोट हवेत.

आम्ही वाट बघितली. खोली बर्फासारखी गार. फेट्याखाली गवंड्याचे दात वाजायला लागले. "शॅल वी, डॉक?" त्याने काडी ओढायची खूण केली.

काड्यापेटी लेकीच्याच हातात होती. तिने खुर्ची फोनजवळ ओढली.

"नॉट येट, मेट. बाबा बोलतायत."