माझ्या हाताच्या मापाचं जाळं

त्या दुकानावरून जायचं मी अख्खा हिवाळा टाळलं.

नंदुरबारच्या बाजारात दोरखंडवाल्याच्या शेजारी एक अरुंद फळी. फळीवर तंबाखूच्या डब्यांत लहानमोठे गळ, शिशाच्या गोळ्या, सुती दोऱ्याच्या गुंड्या, आणि मागे भिंतीला टेकून जाळं विणत बसलेले म्हातारे बाबा. एवढंच ते दुकान. गळ मागितला तर आधी विचारायचे, कुठल्या डोहावर बसतोस, आमिष काय लावतोस. उत्तर पटलं नाही तर गळ विकायचेच नाहीत.

साठ सालानंतरची गोष्ट. मी कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होतो, गाव कोरीट, आणि सुटीच्या दिवशी तापीवर मासे धरायचा नाद. गळाचा कंटाळा आला होता, आता फेकायचं जाळं हवं होतं. तसं जाळं फेकणाऱ्याच्या मापाचं लागतं. बाबा गिऱ्हाइकाच्या खांद्यापासून बोटापर्यंत दोरा धरायचे, गाठ मारायचे आणि दोरा खुंटीला अडकवायचे. बयाणा नाही, चिठ्ठी नाही. गाठ मारू दिली म्हणजे जाळं विणायला सांगितलं, हे साऱ्या तापीकाठाला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात मी जिनिंगच्या कामाने सुरतेला जाणार होतो. तिथे नायलॉनची तयार जाळी निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, असं कानावर आलं होतं. मला फक्त माहिती हवी होती : घेर किती, शिसं किती. विचारायला काय जातं, असं म्हणत मी बाबांपुढे हात पसरला.

"हात सीधा धर भाऊ," ते म्हणाले. "तुन्हा हात लांब शे. दुसरानं जाळं तुले चालत नही."

त्यांनी गाठ मारली, मी मारू दिली. मी सगळं विचारलं, त्यांनी सगळं सांगितलं, वर चहाही पाजला. निघताना मापाचा एक दोरा मीही मागून घेतला, घरी असू दे म्हणून. लाज कोळून प्यायली म्हणतात, ती अशी.

सुरतेच्या दुकानात जाळ्यांचे ढीग पडले होते. विकणाऱ्याने माझ्या दोऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, सगळी एकाच मापाची म्हणाला. एक घेतलं. पांढरंशुभ्र, हलकं, सुती जाळ्यासारखं कुजू नये म्हणून बाभळीच्या सालीच्या काढ्यात बुडवायची कटकट नाही. मी खूश! नदीवर मात्र ते कधी पायात यायचं, कधी अर्धंच उघडायचं. तरी मासे मिळत होते, आणि मी गावात मिरवून घेत होतो.

बाबांना काहीच कळवलं नाही. वेळेवर सांगितलं असतं तर त्यांनी विणणं थांबवलं असतं. उद्या सांगू, उद्या सांगू. बाजारातून जाताना दुरून दिसायचं : जाळं आधी वीतभर, मग हातभर, मग काढ्याने तांबूस होऊन खुंटीवर लोंबणारं. त्यानंतर मी मागच्या गल्लीने जायला लागलो.

होळीच्या सुमारास पाण्यातल्या एका बुंध्याला अडकून माझं नायलॉन टरकन फाटलं. चौघांकडे नेलं, पण त्या गुळगुळीत धाग्यावर कोणाची गाठ टिकेना. बाबांकडे ने, म्हणाले सगळे. लाजेपेक्षा माशांची चटक मोठी. गेलो.

त्यांनी जाळं मांडीवर पसरलं.

"सुरतनं शे का?"

मी मान हलवली. आता चार शब्द सुनावतील असं वाटलं. सुनावले असते तर बरं झालं असतं.

"बाबा, ते खुंटीवरलं दुसराले दी टाका," मी कसंबसं म्हणालो.

"दुसराना हातले ते बसत नही."

ते उठले. खुंटीवरचं जाळं काढलं, हिवाळाभर माझ्यासाठी विणलेलं. मला वाटलं, आता माझ्या अंगावर टाकतील. त्यांनी चाकू घेतला, त्या कोऱ्या जाळ्याच्या मधोमधून एक तुकडा कापला आणि बांबूच्या सुईने माझ्या सुरतेच्या जाळ्याला जोडायला बसले.

"धर ते टोक," मान वर न करता ते म्हणाले. "तुन्हंच शे."

मी हात लांब करून धरलं.