माकडटोपी असलेला फोटो

“हे कोन हाय?”

चांदवडहून आलेल्या मावशींनी फ्रेम हातात घेतली आणि एवढंच विचारलं. फ्रेममध्ये त्यांचे यजमान होते. निदान आमच्या समजुतीप्रमाणे. दुसऱ्या दिवशी त्यांचा दहावा होता.

ही दोन हजार तीनच्या डिसेंबरातली गोष्ट. शालिमार चौकाजवळच्या एका फोटो स्टुडिओत मी काउंटर सांभाळायचे. जुन्या फोटोंचं टचअप, म्हणजे कॉम्प्युटरवर दुरुस्ती, आमच्याकडे नुकतंच सुरू झालं होतं. चुका टाळायला मी आठ प्रश्नांचा फॉर्म केला होता. डाग काढायचे? मागचं दृश्य बदलायचं? मिटलेले डोळे उघडायचे? कपडे बदलायचे?

मावशींच्या मुलाने, भाऊसाहेबने, आठही ठिकाणी ‘हो’ लिहिलं होतं. वडिलांचा चेहरा नीट दिसणारा एकच फोटो घरात होता. दहा वर्षांपूर्वीची थंडी, कांद्याच्या शेताच्या बांधावर शेकोटी, भोवती सगळं घर. वडील माकडटोपी आणि मफलरमध्ये. आमचे ऑपरेटर रफीकभाई यांनी त्यांना एकट्यालाच उचललं, धूर पुसला, डोळे उघडले, टोपी काढली, कोट-टाय चढवला. टोपीखालचे केस आणि कान दुसऱ्याच कुणाचे तरी बसवले. काम सफाईदार झालं होतं. मी फॉर्मवर टिक केली होती.

“आई, बाबाच हायेत,” भाऊसाहेब म्हणाला.

“त्यांचे कान असे व्हते? आन् हा कोट कोनाचा?”

“सगळ्यांच्या फोटोत असतो. लोकं काय म्हनतील, बापाला माकडटोपीत बसवला?”

“लग्नात बी कोट घातला नाय त्यांनी. थंडीत टोपी काढली की दिवसभर कुरकुर करायचे. आन् तुम्ही उघड्या डोक्यानं बसवलं.”

मी घड्याळ पाहिलं. साडेतीन. त्यांना पाचची एसटी गाठायची होती.

रफीकभाईंनी पहिल्या स्कॅनवरच सगळं काम सेव्ह केलं होतं, त्यामुळे ते उलटं फिरवता येणार नव्हतं. मूळ फोटो मात्र मी नंबर घालून पाकिटात ठेवला होता. तो पुन्हा स्कॅन केला. या वेळी मावशींना कॉम्प्युटरशेजारी खुर्ची दिली.

“बोला मावशी, काय काढू?” रफीकभाईंनी विचारलं.

“बाकीची मानसं काढा.”

“हा धूर?”

“राहू द्या.”

“डोळे मिटल्यासारखे दिसतात.”

“डोळ्यांत धूर गेला म्हनून बारीक केलेत. शेकोटीला फुंकर त्यांनाच मारायची असायची, दुसऱ्याला हात लावू देत नव्हते. धूर बी ठेवा, डोळे बी ठेवा.”

रफीकभाईंनी गालावरचा एक ओरखडा तेवढा बुजवला. साडेचारला नवा प्रिंट फ्रेममध्ये बसला. मावशींनी पदराने काच पुसली आणि फ्रेम मुलाकडे दिली. तो बराच वेळ बघत राहिला.

“मफलर माझा हाय,” तो म्हणाला. “कॉलेजचा. लय शोधला व्हता मी.”

“त्यांनीच नेला व्हता,” मावशी म्हणाल्या. “सांगू नको म्हनले.”

दोघं एसटी स्टँडकडे गेल्यावर मी फॉर्ममध्ये नववा प्रश्न लिहिला: काय तसंच ठेवायचं? पहिल्या आठांना लोक भराभर हो-नाही लिहायचे. नवव्यापाशी थांबायचे, घरच्यांना विचारायचे, फोटो पुन्हा हातात घ्यायचे. मागे रांग लागायची. म्हणून काउंटरपाशी दोन स्टुलं ठेवून घेतली.